जुनी थ्री सीरीज : उतरलेली किंमत, न उतरलेला खर्च

स्पोर्ट्स सेडान म्हणजे चार दारांची, घरातली पाच माणसे आणि त्यांचे सामान नेणारी गाडी. मात्र तिचे स्टिअरिंग, ब्रेक आणि सस्पेन्शन मागे बसणाऱ्यापेक्षा चालवणाऱ्याचा विचार करून जुळवलेले असते. या प्रकाराचे माप म्हणून जगभर जिचे नाव घेतले जाते ती बीएमडब्ल्यूची थ्री सीरीज १९७५ साली जर्मनीत आली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि वजन दोन्हीकडे जवळपास निम्मे-निम्मे, ही मांडणी तिने पिढ्यान्‌पिढ्या सोडली नाही. भारतात २००७ पासून तिची जुळणी चेन्नईजवळच्या कारखान्यात होते. तिच्या दोन प्रतिस्पर्धी तर महाराष्ट्रातल्याच: मर्सिडीज-बेंझची सी-क्लास चाकणला जुळते, ऑडीची ए४ छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. जुन्या बाजारात या तिघी एकमेकींना लागून उभ्या असतात. चालवायचा छंद असणारा बहुधा थ्री सीरीजपाशी थांबतो, कारण ए४ पुढच्या चाकांनी ओढली जाते आणि सी-क्लासचा कल आरामाकडे अधिक.

आपल्याकडे जुनी म्हणून सर्वांत जास्त हात बदलते ती एफ३० नावाची पिढी. ती २०१२ च्या मध्यावर भारतात आली. ३२०डी या तिच्या डिझेल रूपात दोन लिटरचे, १८४ अश्वशक्तीचे इंजिन आणि झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता. ३२८आय या पेट्रोल रूपात २४५ अश्वशक्ती. २०१६ च्या सुरुवातीला चेहरा थोडा बदलला आणि नवी इंजिने आली, डिझेल १९० अश्वशक्तीचे झाले. तिच्या आधीची ई९० पिढी स्वस्त मिळते, पण तिचे वय आता असे की गाडी घेण्यापेक्षा ती सांभाळणे हाच छंद असावा लागतो. नंतरची जी२० अजून महाग आहे.

एफ३० नवी असताना तिची शोरूम किंमत तीस-चाळीस लाखांच्या घरात होती. दहा वर्षांनी तीच गाडी नव्या मध्यम आकाराच्या मारुती किंवा ह्युंदाईच्या भावात मिळते आणि इथेच घेणाऱ्याची पहिली गल्लत होते. किंमत उतरली ती गाडीची. तिचा लोअर आर्म, तिचा हेडलॅम्प, तिचा इंजेक्टर यांच्या किमती चाळीस लाखांच्या गाडीच्याच राहिल्या, उलट रुपया घसरला तसतशा वाढल्या. पहिला मालक वॉरंटीच्या काळात गाडी वापरतो, दुसरा थोडीफार डागडुजी करतो आणि जे काही पुढे ढकलता येईल ते तिसऱ्यासाठी ढकलले जाते. स्वस्त मिळालेली गाडी म्हणजे बऱ्याचदा ही ढकललेली कामे असतात.

पुण्यातल्या एका मालकाचा हिशेब यासाठी पाहण्यासारखा आहे. बजेट चौदा लाखांचे. व्यवहार साडेतेरावर ठरला आणि उरलेल्या पन्नास हजारांत वर्षभर तेलपाणी भागेल, असे धरले. गाडी दिसायला झकास, आत नव्या चामड्याचा वास, काटा पंचावन्न हजारांवर. दुसऱ्याच महिन्यात दोन टायरच्या कडांना फुगे आले. दोन जुन्यांच्या जोडीला दोन नवे घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून चारही बदलले. लाखाच्या आसपास गेले. मग पुढच्या सस्पेन्शनचे बुश, मग बॅटरी, मग गिअरबॉक्सचे तेल. वर्ष संपले तेव्हा अडीच लाख वर गेले होते आणि यातले एकही काम आकस्मिक नव्हते. खरेदीआधी गाडी तासभर लिफ्टवर चढवली असती, तर प्रत्येक दिसले असते. तपासणीचे चार-पाच हजार त्याला जड वाटले होते. अशा गाडीसाठी जेवढे पैसे बाजूला काढले असतील, त्यांतला निदान पाचवा हिस्सा गाडी नावावर झाल्यावरही खिशात राहिला पाहिजे, हे गणित त्या वर्षातून निघालेले आहे. तो राहत नसेल तर एक मॉडेल खाली उतरावे. जुनी, पण चांगली सांभाळलेली स्कोडा ऑक्टाव्हिया ही काही शिक्षा नव्हे.

इंजिनाची निवड रंग किंवा सनरूफच्या आधी करावी. ई९० च्या उत्तरार्धात आणि एफ३० च्या पूर्वार्धात जे डिझेल बसले त्याचे सांकेतिक नाव एन४७. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या तोंडाला आहे. चेन ज्यांवर सरकते ते प्लास्टिकचे गाइड झिजले की चेन सैल पडते आणि तुटली तर इंजिनाचे काय होते ते सांगायला नको. जागा अशी की चेनपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन उतरवावे लागते; म्हणून पार्टपेक्षा मजुरीच मोठी. २०११ पूर्वीच्या इंजिनांत ही तक्रार जास्त आढळली, नंतर सुधारणा झाल्या. २०१६ पासूनच्या बी४७ मध्येही चेन मागेच आहे, पण तिचे नाव तितके खराब नाही. ३२८आय मधल्या एन२० या पेट्रोल इंजिनाची चेन पुढे आहे, तरी २०१५ पर्यंतच्या बनावटीत गाइडचे प्लास्टिक ठिसूळ होण्याचा दोष सर्वज्ञात आहे. शिवाय त्यात विजेवर चालणारा वॉटर पंप आहे. तो फारशी पूर्वसूचना न देता बंद पडतो. वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्याने २०१६ नंतरचे पेट्रोल शोधावे. महिन्यातून दोनदा पुणे-नागपूर करणाऱ्याने डिझेल. शहरातल्या शहरात तीन-चार किलोमीटरच्या खेपा करणाऱ्याला डिझेल मुळीच परवडत नाही, ते का हे पुढे येते.

चेनचा आवाज ऐकायचा असेल तर इंजिन थंड हवे. विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की गाडी सकाळी सुरू करू नका, आम्ही येऊन करतो. पोहोचल्यावर बोनेटवर हात ठेवून पाहावा. बोनेट कोमट लागले तर तिथेच थोडे सावध व्हावे: गरम इंजिन बरेच आवाज लपवते. पहिल्या सुरुवातीला इंजिनाच्या मागच्या बाजूने, दोन्ही पुढच्या सीटच्या मध्ये बसल्यासारखा, साखळी घासल्याचा खरखराट आला आणि आरपीएमबरोबर वाढला, तर भाव पाडण्याच्या भानगडीत न पडता उठावे. डिझेलची नेहमीची टकटक वेगळी. ती ओळखता यावी म्हणून एक-दोन चांगल्या गाड्या आधी ऐकलेल्या बऱ्या.

त्यानंतर स्कॅनर. ओबीडी सॉकेटला लावायचे साधे यंत्र फक्त इंजिनाचे कोड वाचते. बीएमडब्ल्यूची भाषा समजणारे हवे. किलोमीटरचा आकडा या गाडीत केवळ काट्यामागे नसतो, इतर कंट्रोल युनिटमध्येही साठवलेला असतो, चावीतसुद्धा त्याची नोंद होते. मीटर मागे करणारा बहुधा एक-दोन जागा बदलतो आणि बाकीच्या विसरतो. वर सांगितलेल्या गाडीचा काटा पंचावन्न हजार दाखवत होता. वर्षभराने गिअरबॉक्सचे युनिट वाचले तेव्हा त्यात एक लाखाच्या पुढचा आकडा निघाला. स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कातडी, ब्रेक पेडलचे झिजलेले रबर आणि चालकाच्या सीटचा दबलेला उजवा काठ हे तिन्ही आधीपासून तेच सांगत होते. जुन्या विमा पॉलिसी, पीयूसी आणि सर्व्हिसची बिले यांवरही किलोमीटर किंवा तारखा असतात. ती ओळीने लावली की गाडीचे चरित्र आपोआप उभे राहते.

पाण्यात गेलेली गाडी हा सर्वांत वाईट सौदा. डिसेंबर २०१५ चा चेन्नईचा पूर, ऑगस्ट २०१९ मधले कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मधले चिपळूण अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी ‘टोटल लॉस’ ठरवलेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून शेकडो किलोमीटर दूर विकल्या जातात. जुन्या साध्या गाडीला पूर सोसतो. या गाडीत कंट्रोल युनिट आणि वायरींचे जोड गालिच्याखाली, पायांजवळच्या कोपऱ्यांत आणि डिकीत आहेत. बॅटरीसुद्धा डिकीत खाली. तिथे एकदा गढूळ पाणी शिरले की गंज जोडांच्या आत बसतो आणि सहा महिन्यांनी काच आपोआप खाली येणे, एअरबॅगचा दिवा लागणे, पावसात गाडी सुरूच न होणे असे भुताटकीचे प्रकार सुरू होतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. टोकाला पाण्याची रेघ राहते. सीटचे रूळ आणि डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू गंजलेले आहेत का, डिकीचे अस्तर उचलल्यावर कोपऱ्यात गाळाची बारीक पूड आहे का, हे पाहायला टॉर्च आणि गुडघे टेकायची तयारी एवढेच लागते. आत फार सुगंध दरवळत असेल तर तोही पुरावाच.

ठोकलेली गाडी ओळखणे त्या मानाने सोपे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र स्वस्तात मिळते. एखादे दार पुन्हा रंगवलेले असणे हे आपल्या रस्त्यांवर गुन्हा नव्हे, पण पुढचे खांब, छत किंवा बोनेटखालची चासीची टोके रंगवलेली असतील, तर गाडी सरळ सोडून द्यावी. चाचणीत गाडी मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने नेऊन स्टिअरिंगवरची पकड क्षणभर ढिली करावी, ती एका बाजूला जाते का ते कळते. मग वेग कमी करून खडबडीत रस्त्यावर काच खाली घेऊन चालवावी. बुशचा खडखडाट रेडिओ बंद असल्याशिवाय ऐकू येत नाही आणि विक्रेता रेडिओ नेमका तेव्हाच लावतो.

टायरचा विषय या गाडीत निराळा आहे. मूळचे टायर रनफ्लॅट, म्हणजे कडा इतक्या जाड की हवा पूर्ण गेली तरी ताशी ८० किलोमीटरच्या आत सुमारे ८० किलोमीटर जाता येते. म्हणून डिकीखाली स्टेपनीची जागाच केलेली नाही. स्टेपनी दिलेली असली तर ती डिकीत आडवी पडून सामानाची जागा खाते. कडक कडांमुळे खड्डे अंगावर येतात आणि खड्ड्याच्या धारेवर कड आतून तुटून फुगा येतो. अनेक मालक साधे टायर घालतात. गाडी मऊ होते, खर्चही उतरतो, मात्र हवा भरायचे यंत्र आणि पंक्चरचे साहित्य गाडीत ठेवावे लागते. नक्षी कितीही खोल दिसली तरी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. ३५१९ असेल तर टायर २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. समृद्धी महामार्गावर मोटारींना सपाटीत ताशी १२० ची मुभा आहे आणि तिथे तासन्‌तास तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटून झालेल्या अपघातांमुळे नाक्यांवर टायर तपासणी सुरू करावी लागली.

कागदांत पहिला पाहावा तो बोजा. आरसीवर बँकेचे हायपोथिकेशन असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. राज्यातल्या राज्यात गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विक्रेत्याने कळवण्याची मुदत १४ दिवस आहे. वाहन पोर्टलवर मालकाचा क्रमांक, विम्याची तारीख दिसते, थकलेली ई-चलने वेगळी पाहावी लागतात. जलद गाड्यांवर ती बरीच साठलेली असतात. विम्याचा तृतीय पक्षाचा भाग कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मंजूर व्हायचा तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. नो-क्लेम बोनस विक्रेत्याचा; तो गाडीबरोबर येत नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्या लाख-दोन लाखांनी स्वस्त दिसतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. पुढे धोरणात चढउतार झाले, तरी वय भरत आलेल्या डिझेल गाड्या तिकडून बाहेर ढकलण्याचा धंदा तेव्हाच बसला. अशी गाडी महाराष्ट्रात आणली की तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर, नवा नंबर, तिकडच्या कराच्या परताव्यासाठी खेटे आणि एजंटाची फी. लाख-दोन लाखांचा फरक तेवढ्यातच विरतो. पुदुच्चेरी पासिंगची महागडी गाडी दिसली तर पत्ता खरा आहे का, हे विचारावे. कर वाचवण्यासाठी तिथे खोट्या पत्त्यांवर गाड्या नोंदवल्याची प्रकरणे गाजलेली आहेत.

कंपनीने परत बोलावलेल्या दोषांची कामे झाली आहेत का, हेही चासी नंबरवरून कळते. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्यावर ईजीआरच्या, म्हणजे धुराचा काही भाग इंजिनात परत नेणाऱ्या यंत्रणेच्या, कूलरमधून शीतक गळण्याचा दोष उघड झाला आणि जगभरातल्या सुमारे १६ लाख डिझेल गाड्या तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. हे काम मोफत होते. ते न झालेली गाडी स्वीकारायची झाल्यास आधी ते करून घ्यावे.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात सर्व तेले आणि फिल्टर बदलून टाकावेत, विक्रेता ‘आत्ताच सर्व्हिस झालीय’ म्हणाला तरी. इंजिन ऑइल कंपनीच्या मान्यतेचे हवे. डिझेलमध्ये धुराची काजळी अडवणारा फिल्टर असल्याने एलएल-०४ हे मानक पाहावे. गाडीचा संगणक सर्व्हिसचे अंतर बरेच लांब दाखवतो, पण आपल्या उन्हाळ्यात आणि ट्रॅफिकमध्ये दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला तेल बदलणे हाच चेनचा स्वस्तातला विमा आहे. एन२० या पेट्रोल इंजिनात डिपस्टिक नाही. तेलाची पातळी पडद्यावर पाहायची सवय लावून घ्यावी लागते. गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभरासाठी’ असे कंपनी म्हणते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदलायला सांगते आणि या बाबतीत बनवणाऱ्याचे ऐकलेले बरे, कारण आयुष्य कोणाचे, पहिल्या मालकाचे की गाडीचे, याचा खुलासा त्या शब्दात नाही. तेलाबरोबर खालचा प्लास्टिकचा पॅनही बदलतो, फिल्टर त्यातच असतो.

अधिकृत वर्कशॉप आणि रस्त्याकडेचे गॅरेज यांच्यामध्ये एक तिसरी जात आहे: वर्कशॉप सोडून स्वतःचे दुकान टाकलेला मेकॅनिक. मुंबई-पुण्यात असे बरेच आहेत. त्याच्याकडे कंपनीचे निदानाचे सॉफ्टवेअर आहे का आणि नवी बॅटरी बसवल्यावर तो ती गाडीच्या संगणकात नोंदवतो का, हे दोन प्रश्न त्याची परीक्षा घ्यायला पुरतात. बॅटरी न नोंदवल्यास चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालू राहते आणि नवी लवकर मरते. पार्टच्या बाबतीत लेमफॉर्डर, साक्स, माले, मान, बॉश ही नावे ओळखीची करून घ्यावीत. कंपनीच्या डब्यात येणारा माल बऱ्याचदा यांचाच असतो, डब्यावरचा शिक्का गेला की भाव बराच खाली येतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने पार्ट मिळतात. आरसा, दिवा, सीटचे बटण तिथून आणावे, ब्रेक आणि सस्पेन्शनचे काही आणू नये.

डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. भरला की तो आतल्या आत काजळी जाळून साफ होतो, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे एका लयीत चांगल्या वेगाने चालावी लागते. कोथरूडहून डेक्कन आणि परत एवढाच जिचा दिनक्रम, तिचा फिल्टर तुंबतो, ईजीआरच्या नळ्या काजळीने भरतात, पिकअप मरतो. आठवड्यातून एकदा हमरस्त्यावर अर्धा तास फिरवणे हे तिचे औषध. पेट्रोलवाल्यांचा प्रश्न इथेनॉलचा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वसाधारण झाले आहे आणि या पिढीतल्या गाड्यांच्या युरोप-अमेरिकेतल्या पुस्तिका मुख्यतः १० टक्के गृहीत धरून लिहिलेल्या आहेत. ॲव्हरेज थोडे पडते; रबरी नळ्या आणि सीलकडे दर सर्व्हिसला नजर टाकायला सांगावे आणि पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडू देऊ नये.

एवढे झाल्यावर गाडी चालवावी, झाकून ठेवू नये. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. या गाड्या चालवणाऱ्यापेक्षा जपणाऱ्याच्या घरी जास्त बिघडतात, असे गॅरेजवाले सांगतात. तिची खरी चव घाटात लागते. पहाटे ताम्हिणी किंवा आंबा घाटात, रस्ता कोरडा आणि रिकामा असताना, स्पोर्ट मोड आणि हाताने टाकलेला तिसरा गिअर. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात पाय स्थिर आणि बाहेर पडताना हळूहळू रेस. मागची चाके ढकलतात आणि पुढची फक्त वळतात, म्हणून स्टिअरिंगमध्ये ओढाताण जाणवत नाही. पुढच्या चाकांच्या गाडीची सवय असलेल्याला हा फरक पहिल्याच वळणाला कळतो. वेग त्यासाठी फार लागत नाही, साठ-सत्तरमध्येही हे सगळे आहे.

हीच मांडणी पावसाळ्यात उलटू शकते. ओल्या रस्त्यावर वळणात अचानक रेस दिली की शेपूट सुटते. स्टॅबिलिटी कंट्रोल ते सावरते, म्हणून त्याचे बटण दाबून मर्दुमकी दाखवू नये. गाडी बुटकी आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २.८१ मीटर, तेव्हा गावाबाहेरच्या हौशी स्पीडब्रेकरवर पाच माणसांसकट ती पोटावर घासते. तिरकी घेऊन एकेक चाक उतरवावे, किंवा मागच्या दोघांना उतरवून पलीकडे घ्यावे. यात कमीपणा वाटून घेणाऱ्यांच्या इंजिनाखालचे आवरण लटकलेले दिसते. साचलेल्या पाण्यात बंपरच्या खालच्या काठापर्यंत पाणी येत असेल तर गाडी घालू नये. हवा घेण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन दाबायला जातो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहिली तर नुकसान वाढते. ती ढकलून बाहेर काढावी, फ्लॅटबेड टो ट्रक बोलवावा आणि विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ आहे का ते मे महिन्यातच पाहून ठेवलेले असावे.